पान आठ, खाली उजवीकडे

जपानी बोट लागली की वास्कोत आम्हाला वासावरून कळायचं.
डिझेल, मासळी, ओला लोखंडी चिखल.
बाबा बार्जवर टॅली-क्लार्क, मी त्यांचा डबा घेऊन धक्क्यावर,
वय वर्षं नऊ.
खनिज भरेपर्यंत खलाशांना काम नसायचं.
दोघे उभे राहिले लांब लांब,
हातात कातड्याचा भलामोठा पंजा,
आणि एक पांढरा चेंडू नुसता इकडून तिकडे.
ना गोल, ना स्टंप, ना भांडण.
थप्.
थप्.
दहाव्या फेकीला चेंडू तांबडा झाला होता.
"याक्यू," एकजण माझ्याकडे बघून म्हणाला.
मी डबा उघडला, त्याला तळलेला बांगडा दिला.
बाबा त्या दिवशी नुसत्या कढीभातावर जेवले.

पुढे चौतीस वर्षं मी फुटबॉल लिहिला.
फातोर्डा, दुलेर, कांपालचं मैदान,
गुडघाभर चिखलातली पेनल्टी, छत्रीखाली भिजलेली वही,
सोटा घेऊन रेफरीमागे धावलेला पाद्री
(ती ओळ संपादकांनी कापली).
फुटबॉलवर माझा राग नाही.
त्यानं घर चालवलं, मुलीचं लग्न केलं.
पण रात्री अकरानंतर, पानं सुटली की
मी शॉर्टवेव्हच्या खरखरीतून आकडे वेचत बसायचो,
तांदळातले खडे वेचावेत तसे,
फक्त मला खडेच हवे असायचे.

पान आठ, खाली उजवीकडे,
भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली
कधीमधी तीन ओळी रिकाम्या राहायच्या.
तिथं मी बेसबॉल घालायचो.
"कोण वाचतो रे हे, हळर्णकर?"
"जागा भरते, सर."

वाचत होता एकजण.
चिखलीहून पोस्टकार्ड आलं, रोमी अक्षरांतली कोंकणी:
शनिवारचा सामना अकराव्या डावात संपला, नवव्या नव्हे.
देव बरें करूं.
इनास रिबेलो, तारवटी, आता घरीच.

मी गेलो. त्यानं बाल्कांवावर बसवलं, फेणी ओतली.
बावीस वर्षं बोटीवर कुक.
कोबेला एकदाच तिकीट काढून आत गेला,
सहाव्या डावापर्यंत पाहिला,
मग बोटीची वेळ झाली.
"दोन-दोन होते," म्हणाला. "पुढं काय झालं?
तू पेपरवाला. तुला कळेल."

मला कळलं नाही.
कंपनीला लिहिलं, तिकडच्या पेपरला लिहिलं,
पोस्टाचा खर्च हिशेबात कसा दाखवायचा ते नंतर बघू म्हटलं.
कुणी उत्तर दिलं नाही.
इनासचे पाय सुजले, मग डोळे अधू झाले,
सून वाचून दाखवते असं कळलं.

चौतीस वर्षांत मी एकच खोटा आकडा छापला.
पान आठ, खाली उजवीकडे:
कोबे, जुना सामना, यजमान विजयी,
तीन-दोन, बाराव्या डावात.

आठवड्यानं कार्ड आलं, सुनेच्या अक्षरात.
बारावा डाव कसा होईल, पात्रांव?
आम्ही निघालो तेव्हा आभाळ काळं होतं.
बोटीवर चढेपर्यंत चिंब भिजलो.
तो सामना थांबवलाच असणार.
पण तीन-दोन चांगलं आहे.
राहू दे.

निवृत्तीला मला शाल दिली, चांदीचा फुटबॉल दिला.
बेसबॉल मी अजून हातात धरलेला नाही.
तो किती जड असतो
हे इनासला विचारायचं राहून गेलं.