फ्रीव्हील

गंगावेशीत पहाटे पाचला
म्हशीखालून थेट पेल्यात आलेलं फेसाळ दूध
उभ्यानंच पिऊन आम्ही आठजण निघालो.
रंकाळ्यावर धुकं होतं. फुलेवाडी मागं पडेपर्यंत
कुणाला बोलायची हौस नव्हती.
वर्धमान पुढं, मग इलियास आणि त्याची पोरगी यास्मिन,
सुप्रभाताई, हसूरचे दोघे मेहुणे,
तवनाप्पा त्याची ती लोखंडाची म्हैस घेऊन,
आणि सगळ्यांत मागं मी.

मागं राहणं हे माझं काम.
बावीस वर्षं तेच करतोय.
पिशवीत दोन ट्यूबा, सोल्यूशन, पाने,
चेनची पिन काढायचं हत्यार,
कागदात बांधलेला गुळाचा खडा,
आणि दमलेल्या माणसाला लाज वाटू नये म्हणून
जमवलेल्या थापा:
थांब जरा, मलाच धाप लागलीय.
थांब जरा, माझी चेन वाजतीय.
तवनाप्पाला तर अणुस्कुऱ्यात एकदा
पाच वेळा चेन दाखवली होती.
पाचही वेळा त्यानं गंभीरपणे वाकून बघितली.

कळे. साळवण. जोडून चाललेल्या उसाच्या ट्रॉल्या,
मागच्या ट्रॉलीवर झोपलेलं पोरगं, पाय लोंबते.
गुऱ्हाळाच्या धुराचा वास अंगाला चिकटला
तो थेट असळजपर्यंत.
भुईबावड्यानं उतरलो. उतारावर सगळेच शूर.
ब्रेकच्या रबराचा वास, डोळ्यांत पाणी,
आणि वर्धमान, जो पतसंस्थेत मोठ्यानं शिंकतही नाही,
वळणावळणाला आरोळ्या ठोकत गेला.
रात्री वैभववाडीत, शाळेच्या व्हरांड्यात,
धाकटा मेहुणा झोपेतही पाय मारत होता.

दुसऱ्या दिवशी करूळ.
घाट फसवत नाही, असं मी नव्या पोरांना सांगतो,
फसवतात ते आपले गुडघे.
तिसऱ्या वळणाला सुप्रभाताईंची पाठ दिसेनाशी झाली.
सहाव्याला तवनाप्पाची.
तवनाप्पाची!
यास्मिन एका दगडापाशी पाणी पीत उभी होती.
"व्हा पुढं काका, आलेच."

मग मागून आवाज आला.
टिक. टिकटिक. टिक.

उद्यमनगरात लेथवर निम्मं आयुष्य गेलं,
त्यात कानही निम्मे गेले,
पण फ्रीव्हील मला झोपेतसुद्धा कळतं.
चढावर ते वाजत नाही.
चढावर पाय थांबला की सायकल थांबते,
तिथं नुसता चेनचा घास आणि आपला श्वास.
चढावर फ्रीव्हील त्याचंच वाजतं
ज्याच्या पायात जोर उरलाय,
आणि जो तो जोर
पुढच्याच्या मापानं
कापून कापून वापरतोय.

मी मागं बघितलं नाही.
दोन वळणं बघितलं नाही.
कठड्यावरच्या वानरांनी मात्र
आधी मला बघितलं, मग माझ्या मागं.

बावीस वर्षं माझं फ्रीव्हील
किती जणांनी ऐकलं असेल
आणि गप्प बसले असतील?
तवनाप्पा पाच पाच वेळा वाकून
नेमकं काय बघत होता?

"काका," मागून हाक आली,
"थांबू या का जरा? माझी चेन वाजतीय."

उतरलो. तिची सायकल कठड्याला टेकवली.
काल रात्री मोबाइलच्या उजेडात
मीच पुसून तेल घातलेली चेन,
मांजरासारखी गप्प.
पेडल उलटं फिरवलं,
टिकटिकटिक, फ्रीव्हील तेवढं बोललं.
पुन्हा एकदा फिरवलं.
यास्मिन दरीकडं बघत होती.

"व्हय," म्हटलं, "वाजतीय खरी."

मग गुळाचा खडा दगडावर ठेचला.
मोठा तुकडा कुणी घ्यायचा यावरून
आमचं बराच वेळ भांडण चाललं.