किल्ली कुणाकडे

आन्स-दोरेच्या शाळेत, अजून अर्धंच छप्पर असलेल्या वर्गात
बैठक भरली. इतिवृत्त लिहायला मी.
राजधानीहून तिघे आले, चिखलाच्या बुटांनी,
एकाच्या काखेत नकाशा, गुंडाळलेल्या चटईसारखा.
त्या वादळाचं नाव कुणी घेतलं नाही.
आम्ही घेत नाही.

डॉक्टर फिलबर्ट म्हणाले, वारा ढकलत नाही, उचलतो.
छपराच्या पाठीवरून धावताना
आतल्या हवेला हाक मारतो तो,
आणि घर उसासा सोडावा तसे पत्रे सोडतं.
फळ्यावर बाण काढले, सगळे वर जाणारे.
मागच्या बाकावरून थिओड्यूल सुतार म्हणाला,
"माझा पत्रा चर्चच्या घंटेपाशी सापडला.
बाण मला माहीत आहेत."

मग तोच उठला. पिशवीतून काढली
वीतभर लोखंडी पट्टी, वाकवलेली,
वाशाला भिंतीशी जखडणारी.
"हिला सहा खिळे लागतात. मी चारच मारले.
घरोघरी. खिळे महाग होते,
आणि वर चढून कोण मोजतं?"
ज्यांच्या घरात चार मारले
ते सगळे समोरच बसलेले.
बराच वेळ फक्त ताडपत्री फडफडत होती.
मी लिहिलं: सहा. खाली रेघ मारली.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
आमच्याकडे आधी वासे फिरले.

दुसऱ्या बाईंनी नकाशा पसरला,
कोपऱ्यांवर ठेवायला आमच्याकडून चार दगड घेतले.
निळी नदी, लाल नदी, बाहेर पडायची हिरवी वाट.
हिरव्या वाटेवर बोट ठेवून म्हातारा अँब्रोस म्हणाला,
"हा पूल आता समुद्रात आहे, बाई.
भरती ओसरली की कठडा दिसतो."
तिनं खोडरबर मागितलं.
हे मला आवडलं, तेही लिहून ठेवलं.

तिसरा वाचत होता:
निवारा एक, क्षमता एकशे वीस, स्थिती उत्तम.
तेव्हा पाव विकणारी युडॉक्सी उभी राहिली,
टोपली मांडीवरून खाली ठेवून.
"किल्ली कुणाकडे होती, ते त्यात आहे का?"

नव्हतं.
त्या रात्री किल्ली हेस्केथच्या पँटच्या खिशात,
पँट राजधानीत, दाताच्या डॉक्टरकडे.
पायऱ्यांवर आम्ही साठ जण भिंतीला चिकटून,
शेवटी तिच्या नातवानं क्रिकेटच्या बॅटनं खिडकी फोडली.
अंगठा अजून वळत नाही त्याचा.
ती रागावून बोलत नव्हती.
पावाचा भाव विचारावा तसं विचारलं तिनं, इतकंच.
तिघांनी आपापले कागद उलटले. किल्लीला रकाना नव्हता.

मग मात्र सगळेच बोलू लागले, माझा हात पुरेना.
लाव्हिन्याला उचलायला दोघं हवेत,
आणि ती आधी नाही म्हणेल, तिचं ऐकायचं नाही.
क्लोथिल्डला ऐकू येत नाही, दार ठोठावू नका,
तिच्या ओट्यावर पाय आपटा, तिला जमीन कळते.
इन्शुलिन इर्विन्सच्या रमच्या दुकानात, जनरेटर तिथेच आहे.
आणि इर्विन्स झिंगलेला असेल तर?
तर त्याची बायको.
फिलबर्ट आता फळ्याकडे पाठ करून
वहीत उतरवून घेत होते. स्पेलिंग विचारत होते.

किल्ल्या आता तीन आहेत.
एक युडॉक्सीच्या टोपलीत, पावांच्या फडक्याखाली,
एक हेस्केथकडे, त्याला वाईट वाटू नये म्हणून.
तिसरी माझ्याकडे.
जून लागल्यापासून रात्री दोनदा उठून
मी खिसा चाचपते.

शाळेच्या छपरावर थिओड्यूल बसलाय.
खाली पोरं, बायका, जाळी सोडून आलेला अँब्रोस.
तो हातोडा मारतो, आणि क्रेओलमध्ये मोठ्यानं मोजतो:
यॉन, दे, त्वा, कात.
इथे थांबतो, मुद्दाम, घाम पुसतो,
खाली बघतो.
आणि सगळा गाव मान वर करून ओरडतो.