बावीस सेंटिमीटर

काल्यो रोज सकाळी समुद्राला भोकं पाडतो.
हिवाळ्यात हीच त्याची सरकारी नोकरी.
हिउमा बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत
ठराविक पावलांवर थांबायचं, गिरमिट फिरवायचं,
आत आकडी सोडायची,
बर्फाची जाडी वहीत उतरवून घ्यायची.
बावीस सेंटिमीटर भरली की रस्ता खुला.
तोवर सगळी भिस्त बोटीवर,
आणि बोटीच्या तिकीटखिडकीत मी.

माझ्या पायाशी मिठाईचा रिकामा खोका आहे.
दोन तिकिटांच्या मधल्या वेळात, चार वर्षांत,
तीनशे अकरा पानं.
कादंबरी म्हणायला अजून जीभ रेटत नाही.
‘ते’ म्हणते. ते चाललंय. ते अडलंय.

पहिल्या वर्षी बारा पानं झाली
आणि मला दम निघाला नाही.
बहिणीच्या हातात दिली.
आइरा वाचत होती, मी बटाटे सोलत होते,
सालं जाड निघत होती.
तिनं पानं पालथी ठेवली.
‘ही आई ना? पण आई असं कधी बोलायची नाही.’
खरंच होतं तिचं.
पुढचं सव्वा वर्ष त्या बाईनं तोंड उघडलं नाही.
मी रोज वही उघडायची,
ती आपली माझ्याकडे पाठ करून
कोबी चिरत बसलेली.

मग दुसरं टोक गाठलं.
कुणाला म्हणजे कुणालाच नाही.
पहिल्या प्रकरणावरून इतक्यांदा हात फिरवला
की वाक्यांवरून माझीच नजर घसरू लागली.
एक स्वल्पविराम काढायचा,
जेवून यायचं,
परत घालायचा.

जानेवारीत काल्योला विचारलं, तुला कळतं कसं?
थर्मासचं झाकण पुसत म्हणाला,
‘जाड जागी मोजून काय करायचंय?
तिथं कुणीही उभं राहील.
मी प्रवाहाच्या तोंडाशी मोजतो,
लव्हाळ्यात, जिथं हंस बसून गेलेत तिथं.
तिथला आकडा तोच अख्ख्या रस्त्याचा आकडा.’

त्या रात्री खोका पलंगावर उपडा केला
आणि सरळ सतरावं प्रकरण काढलं.
नवरा परत येतो,
आणि सगळे त्याला फार लवकर माफ करतात.
दोन वर्षं ठाऊक होतं मला.
पाय टेकला की करकरायचं,
मी वळसा घालून अठराव्यात.
सहादा लिहिलं. सहाही वेळा तो दारात उभा राहिला
आणि कुणीतरी त्याला सूप वाढलं.
आठ सेंटिमीटर. फार तर नऊ.
आणखी कितीही गारठलं तरी हे धरणार नव्हतं.
माझं वजन त्याच्या सवयीचं झालंय.
दुसऱ्या कुणाचं तरी हवं.

माया करणाऱ्यांचं नको.
हाप्सालूची हिल्या चालेल,
चाळीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेली,
तिकिटावरची विभक्ती चुकली म्हणून
एकदा माझ्याशी पाऊण तास भांडलेली.

गुरुवारी रस्ता खुला झाला. चार दिवसांसाठी, जास्त नाही.
नियम पाटीवर लिहिलेत: पट्टा बांधायचा नाही,
थांबायचं नाही,
पंचविसाच्या आत चालवा नाहीतर चाळिसाच्या वर,
मधल्या वेगानं खाली लाट उठते.
सवयीनं मी खोक्याला पट्टा लावला होता.
सोडला.
मध्यावर खालून लांबलचक आवाज आला,
कुणी पत्र्याची शिडी ओढत नेल्यासारखा.
बोलणाऱ्या बर्फाला भ्यायचं नाही, काल्यो म्हणतो.
मी भ्याले. पंचविसाच्या आत राहिले.

हिल्यानं दार अर्धंच उघडलं.
‘पुरं झालंय?’
‘नाही.’
‘मग शिसपेन घेते,’ म्हणाली,
‘बूट बाहेर काढ.’

सतराव्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.