रुवैस, पहाटे चारची नोंद

तापमान एकतीस, आर्द्रता अठ्ठ्याऐंशी,
वारा जवळजवळ नाही.
कंट्रोल रूमचं दार उघडलं की आधी चष्मा जातो.
तो पुसायचा, झडपांच्या पांढऱ्या पेटीत वाकायचं,
आकडे वाचायचे.
दोन हजार सातपासून दर तासाला एक ओळ.
कूलिंग टॉवरला हवा सांगावी लागते,
माणसाला ती कळतेच.

रुमानाने रात्री दोन फोटो पाठवलेत, दापोलीहून.
'अब्बा, हा युरेनस.
डावा तुम्ही गेलात त्या वर्षीचा, उजवा आत्ताचा.'
डाव्यात फिकट निळा गोळा, आडवा पडलेला,
कड्यांची नुसती रेघ.
उजव्यात कडी उघडलीयत ताटासारखी
आणि ध्रुवावर पांढरं काही धरलंय,
दुधावर साय धरते तसं.

'तिकडे एक ऋतू एकवीस वर्षांचा.
अवकाशातली दुर्बीण वर्षातून एकदा बघते, दिवस-दोन दिवस.
मधलं सगळं अंदाजाने.'

माझी रजा तीस दिवसांची.
एका खेपेला ती रांगत होती,
पुढच्या खेपेला 'हा कोण?' म्हणून आईमागे लपली.
एकदा पुढचे दात नव्हते. एकदा वेणी नव्हती.
एकदा जेवताना महिनाभर बोललीच नाही,
ते वादळ होतं की नुसतं मळभ
मला अजून ठरवता आलेलं नाही.
आणि विचारलं कुणी तर मी बेधडक सांगतो,
पोरगी शांत आहे माझी.

गेटवरचा शाहदाद, बलोच म्हातारा,
ऑगस्ट सरत आला की दक्षिणेकडे तोंड करून बसतो.
सुहैल उगवला की पाणी गार पडतं, म्हणतो.
आमच्याकडचा अगस्ती तो.
आज उठून उभा राहिला, बोट केलं.
मला रिफायनरीच्या ज्वाळेखेरीज काही दिसेना.
'आहे,' म्हणाला.
मी मान हलवली.

माझा करार अठ्ठावीस साली संपतो.
रुमानाने हिशेब करून ठेवलाय:
त्याच वर्षी तिकडचा वसंत संपेल.
म्हणजे मी इथे आल्यापासून
तिथे एकच ऋतू चालू आहे.

उत्तर लिहायला अंगठा घामाने सरकतो.
इथे एकतीस. वारा नाही.
तुझ्याकडचं कळव.