रिकामा गोल

एझ्रा झिराडकर, उंची सहा फूट तीन,
खडकीच्या कारखान्यात हजेरीपटावर : फिटर, वर्ग तीन.
पाना त्यानं कधी हातात धरला नव्हता.
साहेबानं त्याला नेमलं रास्ता पेठेतल्या एका मॅचमध्ये,
हाफ टाइमला, लिमलेटची गोळी चघळत :
"सोमवारपासून ये. बूट आमचे."

त्या मापाचे बूट पुण्यात मिळत नसत.
कॅम्पातला चिनी मोची पाऊल कागदावर उतरवून घ्यायचा
आणि दर वेळी नव्यानं हसायचा.
सायकलच्या सीटखाली नळीचा जादा तुकडा.
होळकर पुलावरून येताना लांबून वाटायचं,
माणूस आधी येतोय, सायकल मागून.

मी स्कोअर लिहायचो.
पाणी मारून दाबलेला मुरूम,
फक्कीच्या रेघा, खेळता खेळता बुटांना लागून जाणाऱ्या,
लेस बांधलेला चामडी बॉल,
लेसवर आपटला तर कुठे उडेल ते देवालाही ठाऊक नाही.
एझ्रा फ्री थ्रो खालून टाकायचा, दोन्ही हातांनी,
भरलेली कळशी कुणाला वर द्यावी तसा.
पोरं हसायची.
मग हसायची नाहीत.

मिरज, हुबळी, जबलपूर, नागपूर.
थर्ड क्लासच्या फळीबाहेर लोंबणारे पाय, उशाला बॉल.
पगार एकशे दहा, जिंकलो तर वर अंडी.

अठ्ठावन्नला गुडघा गेला.
कारखान्यानं काढलं नाही त्याला,
फक्त हजेरीपटावरचा शब्द खरा केला.
तेहतिसाव्या वर्षी, मिसरूड फुटलेल्या पोरांच्या हाताखाली
तो पाना धरायला शिकला.

स्कोअरबुकं सगळी सेक्रेटरी टिपणीसांकडे,
नारायण पेठेत, तळमजल्यावर, ट्रंकेत.
पानशेतच्या पाण्यानं ट्रंक उघडलीसुद्धा नाही, उचलूनच नेली.
त्याचे दहा वर्षांचे पॉइंट
बंडगार्डनच्या खाली गाळात कुठेतरी.

सांगायला गेलो तेव्हा तो स्टोव्हला पिन मारत होता.
म्हणाला, "बरं झालं."
मला वाटलं, खचला.

"नागपूरची शेवटची आठवते?"

आठवत होती. अकरानं हरलो होतो, उजेड गेलेला.
त्याचा फ्री थ्रो रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला.
त्याचे एकोणीस झाले होते. मला वीस हवे होते.
चुकलेल्या थ्रोचा गोल वहीत रिकामा ठेवायचा असतो.
मी त्यात शाई भरली.

"मला दिसलं होतं," तो म्हणाला,
"माझ्या उंचीवरून टेबल अख्खं दिसतं."
तीन वर्षं बोलला नव्हता.
स्टोव्ह भडकला, मग निळा झाला.
त्यानं आधण ठेवलं, दोन कपांचं.

आता कुणी विचारलं तर मी एकोणीस सांगतो.
विचारत कुणी नाही.
तरी एकोणीस.