मी फक्त शिडी धरली

लिहून घ्या साहेब, जबाब.
नाव सदानंद मल्लेशम गुंडेटी,
धंदा मागावर जेकार्ड लावणे,
वय तुमच्या अंदाजाने टाका.
मी फक्त शिडी धरली.

शिडीच्या मधल्या दोन पायऱ्या नाहीत
म्हणून ती धरावीच लागते.
वर चढली राजमणी चिलका, अठ्ठावन्न वर्षांची,
पदर खोचलेला, दातांत सुतळी.
खाली हमीदाबी बागवान, अंबव्वा येमुल,
आणि विड्या देऊन परतणाऱ्या पंधरा-वीस जणी,
काखेत रिकामी सुपं.

खांब चौदा.
विडी कारखान्यापासून घरकुलाच्या वळणापर्यंत.
दिवाळीच्या आधीपासून बंद.
अर्ज दिले. पोच आहे. पोचेची झेरॉक्सही आहे.
शेवटचा अर्ज द्यायला गेलो तर
खिडकीतला माणूस टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपलेला.
उठव त्याला, म्हणाल्या सगळ्या.
राजमणी म्हणाली, नको गं,
झोपलेल्याला उठवू नये,
पांघरूण घालावं.

तिथून निघालं हे सगळं.

चादरी चोरीच्या नाहीत, तसं स्पष्ट लिहा.
दुय्यम माल.
एकीतल्या मोराला पाय तीन,
एकीत कमळ अर्ध्यावर थांबलेलं.
माझ्याच कार्डात भोक चुकलं होतं, तेही लिहा,
पगार कापून झालाय.
ह्यांच्या विड्यांत छाट निघते, तिचेही पैसे नाहीत.
छाट आम्हाला घरच्यासारखी.
म्हणूनच त्या खांबांची माया आली असेल.

एकेकाला गळ्यापर्यंत पांघरलं.
हमीदाबीने दृष्ट काढली,
मीठ-मोहरी नव्हती, डब्यात शेंगाचटणी होती,
तीच ओवाळली.
मग अंगाई. अर्धी तेलुगूत, एक ओळ कानडीत,
शेवट दखनीत, चाल कुणाचीच नाही.
मधेच सगळ्यांना एकदम हसू फुटलं
आणि कुठलं हसू कुणाचं ते कळेना.
अंधाराचा तेवढा एक उपयोग.

एक रिक्षावाला थांबला.
"काय करूलालास बे?"
म्हटलं, शू, लेकरं झोपलीत.
त्याने हॉर्न नाही वाजवला साहेब. सोलापुरात!
इंजिन बंद केलं, खाली उतरला,
आणि चौदाव्या खांबापर्यंत रिक्षा ढकलत नेली.

सातव्या खांबापाशी कुणी गायलं नाही.
तिथे अंबव्वाच्या लेकीचं जे झालं
ते तुमच्याच वहीत आहे, मागच्या पौषातलं पान.
गळ्यातली पोत गेली, तीन दात गेले,
इसम अनोळखी, अंधारामुळे वर्णन नाही.
तिथली सुतळी अंबव्वाने स्वतः बांधली.
सात गाठी मारल्या. मी मोजल्या.
खरंतर मला तेवढंच काम होतं.

तिसऱ्या दिवशी महापालिकेची गाडी आली.
शिडी बघितली त्यांची? सगळ्या पायऱ्या जागेवर.
पोरं ओरडली, दिवे आले, दिवे आले.
त्यांनी चादरी काढल्या.
मोजल्या, गाठोडं बांधलं,
कागदावर 'अडथळा' लिहिलं आणि गेले.
दिवा त्यांच्या हातापासून वीतभर होता.

आता तुम्ही विचारता, पुढारी कोण.
चौदा खांब आहेत, एकेकाला विचारा.
विचारता, पुन्हा करणार का.
राजमणी म्हणते थंडी संपली, पांघरूण नको,
उन्हाळ्यात त्यांना पंख्याने वारा घालू.
ती म्हणते. मी म्हणत नाही.
मी शिडी धरतो.

गाठोडं इथेच जमा आहे ना?
नाही, त्या बाकावर तुमचे हवालदार झोपलेत,
त्यांच्या अंगावर तीन पायांचा मोर दिसला मला.
असू दे. उठवू नका.
सही कुठे करायची ते फक्त बोटाने दाखवा,
तुमच्याही ट्यूबचा आज
डोळा लागलेला दिसतो.