नखाचा रंग

आमच्या गिरेसुनमध्ये ऑगस्टात आगी कमी लागतात,
अंगठ्या जास्त अडकतात.
हेझलनट तोडायचे दिवस. बागा उभ्या उतारावर,
फांद्या वाकवून वाकवून बोटं सुजतात,
त्यात गांधीलमाशी टपलेली असतेच.
लोकांना वाटतं अग्निशमन दल म्हणजे शिडी आणि भोंगा.
खरं सांगू? माझ्या टेबलाच्या खणात
साबणाची वडी आहे, रेशमी दोऱ्याचं रीळ आहे,
आणि बारीक दातांचं, नाण्याएवढं करवतीचं चाक.

नेबाहतमावशी आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा.
डावा हात डोक्याच्या रुमालात गुंडाळलेला,
चोरून आणलेल्या मांजराच्या पिल्लासारखा.
मागे सून, दोन पायांत दोन वेगळ्या चपला.
अंगठी दिसतच नव्हती,
दिसत होती नुसती तिची खाच.

"कापायची नाही," बसायच्या आधीच म्हणाली.
मी म्हटलं, "आधी नखाला विचारू."

नख दाबलं, सोडलं. पांढरं.
एक, दोन,
तिसऱ्याला कुठे गुलाबी परत आलं,
उशिरा घरी येणाऱ्या पोरासारखं, भिंत धरून.
म्हणजे वेळ आहे. फार नाही.

हात डोक्याच्या वर धरायला लावला, दहा मिनिटं.
"शाळेत उत्तर येत असल्यासारख्या दिसता," सून हसली.
"मला कधी येत नव्हतं," मावशी म्हणाली.
मग गार पाणी. मग साबण.
नवशिक्या तुंजायनं ओढून बघायला हात पुढे केला,
मी त्याच्या मनगटावर चापट मारली.
ओढलं की सूज हट्टाला पेटते.

दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून सरकवलं,
सुनेच्या केसांतल्या चापानं.
दुसरं नखाच्या दिशेनं गुंडाळत नेलं, पेरावरून पुढे,
वेढ्याला वेढा चिकटून.
फट राहिली की मांस तिथून डोकं काढतं.

मावशी छताकडे बघत होती. मध्येच बोलायला लागली:
"साखरपुड्याला दोन अंगठ्या तांबड्या रिबिनीनं बांधल्या होत्या,
आमच्या मामानं कापायची होती. कात्री बोथट.
दोनदा चालवली, तुटेना.
म्हटलं, तिसऱ्यांदाही नाही तुटली तर घरी जाईन."

सुनेनं हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"एकदा मीच काढायला निघाले होते.
पोरगा पोटात, इहसान तीन महिने बोटीवर, चिठ्ठी नाही की निरोप नाही.
तेल लावलं, रडले. तेव्हाही बोट सुजलेलं.
निघाली नाही.
मग तो आला, टोपलीभर मासे घेऊन,
आणि मी मासे साफ केले."

"आणि ते गेल्यावर?" तुंजायनं विचारलं. त्याला अजून कळत नाही कुठे थांबायचं.

"तो गेला तेव्हा बोट काडी झालं होतं.
आपोआप निघाली असती.
तेव्हा कोण काढतं?"

बोट जांभळं पडत चाललं होतं. दोरा फार वेळ ठेवता येत नाही.
मी करवतीचं चाक टेबलावर काढून ठेवलं, तिला दिसेल असं.
"मावशी, सोनं सोनार जोडून देतो. बोट कोणी देत नाही."
तिनं मान हलवली. एवढंच.

खालचं टोक धरून मी वेढे उलगडत गेलो.
एक सुटला, अंगठी केसभर पुढे.
पेरावर अडली.
साबणाचा एक थेंब. पुन्हा एक वेढा.
सुनेनं श्वास धरला होता, मीही.

स्टीलच्या ताटलीत टण्ण वाजली.

खाली जी कातडी निघाली
तिनं एक्केचाळीस वर्षं ऊन बघितलं नव्हतं.
मावशीनं त्या पांढऱ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला,
दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखा.

सूज पूर्ण उतरेपर्यंत घालायची नाही, मी सांगितलं,
पाकिटावर नाव लिहिलं.
पाकीट टेबलावरच राहिलं, तुंजाय घेऊन पळाला.
ती दारात उभी होती, ट्यूबलाइटखाली,
नख दाबत, सोडत.

"आला," ती म्हणाली.